तळ्यावरचा बगळा

३ जानेवारी
मुलीने पाठवलेला कॅमेरा आला. सोबत अटही आली. दर आठवड्याला कॉलनीमागच्या तळ्यावर जायचं आणि फोटो काढून पाठवायचे. बाबा घराबाहेर पडताहेत असं दिसलं तर ठीक, नाहीतर या घराला कुलूप आणि माझी रवानगी तिच्याकडे. म्हटलं, मंजूर. ही गेल्यापासून वेळच वेळ आहे. संकल्प: एक तळं, एक वर्ष, सगळे ऋतू. पुढेमागे प्रदर्शन. उद्या पहाटे पाचला निघणे.

४ जानेवारी
थंडी. लेन्सला बाधली असती.

५ जानेवारी, सकाळी साडेनऊ
स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खं तळं दिसतं! ओट्यावर पातेलं उपडं घातलं, त्यावर कॅमेरा. थंडी म्हणून काच बंदच. पक्ष्यांच्या अंगावर धावून जाणारे फोटोग्राफर मला पहिल्यापासून आवडत नाहीत. झूम केल्यावर काठाजवळ पाण्यात एक बगळा सापडला. फोटो पाठवले. मुलगी खूश.

२० फेब्रुवारी
बगळा त्याच जागी. काय ही एकाग्रता! माणसांत राहिली नाही. मीही सकाळपासून ओट्याशी उभा होतो. चहा करायचा राहिला. दुपारचाही राहिला.

११ एप्रिल
झाडं उघडी पडली. पाणी आटलं, कडेला नुसता चिखल. बगळा तिथेच. मुलीने फोनवर विचारलं, उन्हात टोपी घालता ना? म्हटलं, घालतो. फोन ठेवून लगेच टोपी घातली. खोटं बोलायची मला सवय नाही.
जावयाने विचारलं, तळ्यावर कोणी भेटतं का? म्हटलं, एक जण भेटतो, पण फार बोलत नाही.

७ जुलै
पाऊस. खिडकी उघडली तर पाणी आत येतं, बंद काचेतून फोटो धूसर येतात. धूसर म्हणजे कलात्मक. पाणी वाढून बगळा छातीपर्यंत बुडाला, तरी ढिम्म. हे पक्षीशास्त्राला माहीत नसावं. लेख लिहिणे.

८ जुलै
लेख उद्या.

२ सप्टेंबर
तळ्याभोवती हिरवंगार झालंय म्हणे. म्हणजे दिसतंय. चांगलं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. पातेलं हलवलं तर फ्रेम बिघडेल, म्हणून स्वयंपाक बंदच आहे. बिस्किटं बरी पडतात. वजन उतरलं. मुलीला कळवलं, चालण्याचा परिणाम.

१५ नोव्हेंबर
मुलगी न कळवता आली. थेट स्वयंपाकघरात गेली. पातेलं पाहिलं, कॅमेरा पाहिला, बिस्किटांचे पुडे पाहिले. आता कडकडाट होणार म्हणून मी टोपी काढली. ती शांतपणे म्हणाली, बाबा, पहिल्या फोटोपासून काचेत तुम्ही दिसताय. पायजम्यात.
आयुष्यभर विमा कंपनीत लोकांचे खोटे क्लेम पकडले आणि माझा पकडला पोटच्या पोरीने, पहिल्याच आठवड्यात. मग बोलली का नाहीस, असं मीच वर तोंड करून विचारलं. म्हणाली, फोटो आला की निदान कळायचं, बाबा उठलेत.
मी बिस्किटांचे पुडे आवरायला घेतले. उद्या खाली जायचं ठरलं. तळ्याला एक फेरी, तीही एकट्याने. नाहीतर बॅग भरायची.

१६ नोव्हेंबर
गेलो. बगळा म्हणजे पाण्याची पातळी मोजायचा पांढरा खांब आहे. अंगावर आकडे आहेत. मुलगी पोट धरधरून हसली. मग बाकावर बसली आणि मला हाताने पुढे जायची खूण केली.
आज खरं लिहितो. अडचण थंडीची नव्हती. आम्ही दोघं रोज संध्याकाळी इथे यायचो. ही सगळ्यांशी बोलायची, मी शेजारी उभा राहून घड्याळ बघायचो. आता कोणीतरी विचारणार, आज एकटेच? वहिनी कुठे? या प्रश्नाला मी वर्षभर भ्यालो. काल रात्री उत्तर पाठ केलं. आवाज फुटू नये म्हणून चारच शब्दांचं.
फेरी मारली. तेच सगळे समोरून आले. काठीवाले आजोबा, दोघी मैत्रिणी, ट्रॅकसूटवाले डॉक्टर. कोणाच्याच चेहऱ्यावर ओळख दिसेना. शेवटी डॉक्टर थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं. मी उत्तर जिभेवर आणून उभा राहिलो.
त्यांनी विचारलं, किती वाजले?
सव्वासहा, म्हटलं. ते थँक यू म्हणून गेले.