हुबाऱ्यासाठी रामरक्षा

सुलैबिया, सोमवार संध्याकाळ, मार्च १९९०

आज सकाळी पिंजऱ्यापाशी तोंड मिटून उभा राहिलो. एरवी पक्ष्यांना खाणे ठेवताना मी रामरक्षा म्हणतो. सगळा घोळ त्यानेच झाला.

हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ. इथे आखातातल्या आमच्या केंद्रात वाढवून त्यांना वाळवंटात सोडतात. त्यांनी माणसाला भ्यायला हवे, नाहीतर शिकाऱ्याच्या ससाण्याचे काम सोपे. पण आमचा एक नर रामरक्षा सुरू झाली की जाळीशी येतो, गळ्याची पांढरी पिसे फुलवतो आणि माझ्यापुढे नाचतो. माद्यांकडे ढुंकूनही पाहत नाही!

केंद्राच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "असा सोडला तर मरेल. तुम्हीच घाबरवा त्याला."

माझे जोडीदार, रत्नागिरीचे इब्राहिमभाई, हसून लोळले. "काय हो भाऊ, जमलेलं लग्न मोडणार?"

बरेच दिवस टाळले. देवाचे नाव ऐकून येणाऱ्याला हाकलायचे कसे? पण असाच माणसाचा आवाज ऐकून शिकाऱ्याजवळ गेला तर?

आज मी गप्प, तरी तो आलाच. पांढरी पिसे फुलवून वाट पाहू लागला. मग मी तुपाचा रिकामा डबा बडवला आणि गावच्या गुराख्यांची एक शिवी, जन्मात पहिल्यांदाच, मोठ्याने दिली. हुबारा पळाला. इब्राहिमभाईही दचकून चार पावले मागे सरले.

पिसे मिटली होती त्याची. मागे वळूनही पाहिले नाही.

मग गाडीत बसलो, काचा वर केल्या आणि रामरक्षा त्याच्या नावाने म्हटली. हळू आवाजात.