सासूबाईंचा बिडाचा तवा

राजापेठ, अमरावती
ता. १९ ऑक्टोबर १९३४

ती. सौ. सुभद्राताईस शकुनचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सर्व खुशाल, असं फक्त रीत म्हणून लिहायचं. माझ्या हातून मोठा घोळ झाला आहे. वन्संच्या बाळंतपणासाठी सासूबाई नि मामंजी बार्शीटाकळीला गेले. जाताना सासूबाईंनी पहिल्यांदाच चूल माझ्यावर सोपवली. मी दिवाळीची पितळी भांडी चिंचेने घासायला काढली. त्यांचा बिडाचा तवा काळाकुट्ट दिसला, म्हणून तोही विटेच्या पुडीने पांढरा होईतो घासला आणि धुऊन पालथा घातला. सकाळी पाहते तर सगळा गंजलेला! शेजारच्या मैनाबाई म्हणतात की सासूबाई त्या तव्याले कोणाले हात लावू देत नाहीत. आल्यावर चूल परत घेतील, याचीच धास्ती आहे. तूर्त मैनाबाईंच्या खापरावर भाकरी करते. काय करू ते लगेच कळव.

तुझी शकुन

जुने शहर, अकोला
ता. २१ ऑक्टोबर

चि. सौ. शकुनला अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. अगं, तो मळ नव्हता, वर्षानुवर्षं तेल मुरून आलेला रंग होता! मळ्यातली वांगी पुसून चकचकीत करायचीस, तशी तव्यालाही भिडलीस. विटेची पूड नि अर्धं लिंबू घेऊन गंज काढ, धू आणि जवसाचं तेल लाव. तुझे भाऊजी तुझी आठवण काढतात.

तुझी ताई

अमरावती, ता. २४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. नमस्कार. तू सांगितलंस तसंच केलं. सकाळी पुन्हा लाल, वर चिकट! मैनाबाई म्हणतात ताकात बुडव, इकडच्या स्वारीचं म्हणणं घासलेट लाव. तिघांचंही ऐकलं, आता तव्याला कशाकशाचा वास येतो ते विचारू नकोस. दर वेळी स्वच्छ धुते, निथळायला पालथा घालते, मग तेल लावते. तरी असं का व्हावं? डोकं चालेनासं झालं आहे. रविवारी सासूबाई येणार. गुपचूप नवा तवा आणून ठेवू का?

तुझी गोंधळलेली शकुन

अकोला, ता. २६ ऑक्टोबर

चि. शकुनला आशीर्वाद. वेडाबाई, ओल्या तव्याला तेल लावतेस? धुतल्याबरोबर चुलीवर ठेव, थेंबभर पाणी राहू देऊ नकोस. मग फडक्याने तेलाचा पातळ हात फिरव आणि धूर निघेतो तापव. असं चारदा कर. हे लिहावं लागेल असं मला वाटलंच नाही. आई गेल्यावर चूल मीच धरून बसले, तुला मळ्यात मेथी खुडायला पाठवत राहिले. चूक माझी आहे. नवा तवा आणू नकोस, खरं सांग.

तुझी ताई

अमरावती, ता. २९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. नमस्कार. गंज गेला, पण तवा राखाडीच राहिला. काल सासूबाई आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी पाय धुतले, चुलीपाशी बसल्या, भाकर टाकली. ती तव्याला चिकटली, तुकडे झाले. मामंजी कुरकुरले की आज भाकर अशी कावून तुटली. तर सासूबाई म्हणाल्या की लेकीकडं बसून खाल्लं, माहाच हात बिघडला. तुकडे आपल्या ताटात घेतले आणि मला हाताला धरून चुलीपुढे बसवलं. ताई, त्या रागावल्या असत्या तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं. आता मला रडू का आवरत नाही, हेच समजत नाही.

तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे.

तुझी शकुन