तुझी जागा रिकामी होती

४ मेहर, शनिवार

आले बाई एकदाची केरमानला, मेहर महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात! दुपारी बसमधून उतरते तो समोर मनीझे, फुलांऐवजी कोलोम्पेचा डबा घेऊन उभी. आतलं खजुराचं सारण अजून कोमट होतं. टॅक्सीत मी इतके कोलोम्पे हाणले की ती म्हणाली, अगं फरंगीस, सासूने शिराझला उपाशी ठेवलं होतं की काय तुला? मी म्हटलं, उपाशी नाही, पण विधवा सून पोटभर जेवली की त्या घरात सगळ्यांच्या भुवया वर जायच्या. दोघीही खळखळून हसलो. अशी मी दोन वर्षांत हसले नव्हते.

नोकरी अगदी माझ्या मनासारखी आहे. भूकंप संशोधन संस्थेत दर मंगळवारी दुपारी चारला व्याख्यान असतं. वक्ते ठरवायचे, त्यांची उतरण्याची सोय बघायची, आगामी व्याख्यानांचे फलक करून लावायचे आणि सभागृह सांभाळायचं, हे माझं काम. अक्षर माझं पहिल्यापासून सुरेख, तेव्हा फलकांना तरी कोणी नावं ठेवणार नाही. मनीझे इथेच संशोधक आहे, माझं नाव तिनेच सुचवलं. विद्यापीठात ती बेहरंगच्या वर्गात होती आणि आमचं लग्नही तिनेच जुळवलं. माझ्या आयुष्यात लुडबुड करण्याचा तिला परवानाच आहे.

मी इथे का आले ते तिला सांगितलेलं नाही, पण ती ओळखून आहे. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा याच सभागृहात व्याख्यान द्यायला निघाला होता. रफसंजानच्या रस्त्यावर धुळीच्या वादळात गाडी उलटली. इथे लोक चहा पीत त्याची वाट बघत बसले होते. बेहरंगचं ते व्याख्यान राहिलं ते राहिलंच.

८ मेहर, बुधवार

काल माझं पहिलं व्याख्यान पार पडलं. वक्ते मशहदचे, विषय मातीची घरं धक्क्याने कशी कोसळतात. बोलण्याच्या भरात त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचा पेला खाली. मागून कोणीतरी म्हणालं, उस्ताद, प्रात्यक्षिक नको! हशा थांबेना. आमचे चहावाले मश-कोर्बान फडकं घेऊन आले आणि वक्त्यांकडे असं काही बघितलं की बिचाऱ्यांनी पुढचा तास हात खिशातच ठेवले.

संचालक डॉ. सोतूदे काल दातदुखीने आले नव्हते. आज सुजलेला गाल घेऊन हजर. जो भेटेल तो म्हणतोय, "डॉक्टर, काल तुमची जागा रिकामी होती." आणि तेही गाल धरून प्रत्येकाला ठरलेलं उत्तर देतायत, "आमच्या जागी दोस्त!" म्हणजे, आम्ही नव्हतो तर काय झालं, दोस्तांनी आनंद लुटला तो आम्हालाच पोचला. तोंड उघडवत नव्हतं त्यांना, तरी उत्तर चुकलं नाही. आपल्या जिभेला हे वळण इतक्या लहानपणी लागतं की झोपेत विचारलं तरी माणूस हेच म्हणेल.

मला काय वाटलं कोण जाणे. सभागृहाला कुलूप लावताना पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बघून मीही म्हटलं, बेहरंग, तुझी जागा रिकामी होती. फार बरं वाटलं.

२१ मेहर, मंगळवार

आता दर मंगळवारी त्या खुर्चीवर मी 'राखीव'ची पाटी ठेवते आणि व्याख्यान संपलं की ते वाक्य म्हणते. आज मश-कोर्बाननी ऐकलं. पेले गोळा करता करता विचारलं, कोणासाठी राखीव, खानूम? मी सांगितलं. पेला पुसत ते म्हणाले की हे वाक्य येऊ शकणाऱ्या माणसाला म्हणायचं असतं. गेलेल्याला 'खुदा त्याला क्षमा करो' म्हणावं आणि जाऊ द्यावं.

मला राग आला. तुम्ही तुमचा चहा बघा, असं फटकन बोलून गेले. खरं सांगायचं तर 'खुदा त्याला क्षमा करो' हे शब्द बेहरंगच्या नावापुढे मी आजवर उच्चारलेले नाहीत. दफनाच्या वेळीही नाही. ते म्हटलं की तो गेला हे मीच कबूल केल्यासारखं होईल. खोलीवर येऊन खूप रडले. उद्या मश-कोर्बानची माफी मागायला हवी.

५ आबान, मंगळवार

आज वक्ता इरज होता, बेहरंगचा वसतिगृहातला जोडीदार. व्याख्यानापेक्षा बेहरंगच्या गमतीच जास्त सांगितल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून एकच शर्ट कसा धुतला, वगैरे. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाला, वहिनी, मी आहे.

सगळे गेल्यावर मी खुर्चीजवळ गेले आणि म्हटलं, बेहरंग, आज तर तुझी जागा फारच रिकामी होती रे.

उत्तर आलं.

खिडक्यांतून ऊन येत होतं, बाहेर मश-कोर्बान कोणावर तरी ओरडत होते, आणि खुर्चीतून त्याचा आवाज आला. थोडा दमलेला. लांबचा प्रवास करून आल्यावर दारातून हाक मारायचा तसा. "आमच्या जागी दोस्त."

भीती? छे. मी तिथेच फरशीवर बसून खुर्चीचा हात कुरवाळत राहिले. देवा, मी किती सुखात आहे.

६ आबान, बुधवार

इरज गेला. परतताना रफसंजानच्या रस्त्यावर गाडी उलटली. तोच रस्ता. आकाश निरभ्र होतं, वारासुद्धा नव्हता. मनीझे सांगत होती की त्याच्या नाकातोंडात धूळ गच्च भरली होती, डॉक्टरांनाही त्याचा उलगडा होत नाही.

बायको आणि दोन मुली आहेत त्याला. त्या रस्त्याने माझ्याशी कसला दावा मांडलाय?

१९ आबान, मंगळवार

गेला मंगळवार इरजच्या शोकात व्याख्यानाविना गेला. आज उस्ताद खोस्रवी आले. बेहरंग, इरज, मनीझे, तिघांनाही त्यांनी शिकवलेलं. जुन्या बखरींतले भूकंप हा विषय, पण मध्येच थांबून म्हणाले, माझी पोरं माझ्या आधी जातायत, हा कोणता हिशेब? सभागृहात एकही डोळा कोरडा नव्हता.

खोटं कशाला लिहू? मला त्यांच्या रडण्याहून व्याख्यान संपण्याची घाई होती. पंधरा दिवस त्या एका आवाजावर काढले होते. सगळे गेले आणि मी म्हटलं.

उत्तर लगेच आलं. या वेळी खुर्चीची गादी दबलेली होती. खुर्चीच्या हातावर त्याच्या तपकिरी कोटाची बाही दिसत होती, कोपराला मी लावलेलं ठिगळही. मी बोट लावलं. बाहीवरची धूळ माझ्या बोटाला लागली.

२० आबान, बुधवार

उस्ताद अतिथिगृहात पलंगावर गेलेले सापडले. खिडक्या बंद होत्या, पांघरूण स्वच्छ होतं. तोंडात धूळ भरली होती.

आमच्या जागी दोस्त.

मीच बोलावते. तो उत्तर देतो. आणि उत्तर खरं होतं. तो जिथे आहे तिथे त्याच्या जागी एक दोस्त जातो, आणि तो तेवढा इकडे सरकतो.

यात बेहरंगचा दोष नाही, हे मला लिहून ठेवायचंय. त्याने उभ्या जन्मात मुंगी मारली नाही. त्याला कोणी 'तुझी जागा रिकामी होती' म्हणतं आणि तो चार माणसांसारखं उत्तर देतो, एवढंच. त्याला कळतही नसेल.

पण मला कळलं. आणि तरी काल रात्रीपासून मी ते बोट धुतलेलं नाही.

२२ आबान, शुक्रवार

मनीझेला सगळं सांगितलं. तिने मला जवळ घेतलं, विश्वास अजिबात ठेवला नाही. म्हणाली, तू पुरतं रडलीच नाहीस गं, ते आत साचलंय. मी हात जोडले, की ते वाक्य आता मी कधी म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस. ती बरं बरं म्हणाली, हट्टी मुलाला म्हणतात तसं.

मग म्हणाली की ३ आझरच्या मंगळवारी ती स्वतः बेहरंगचं राहिलेलं व्याख्यान वाचून दाखवणार. टिपणं तिच्याकडे आहेत. ते एकदाचं झालं की तुझंही मन मोकळं होईल. फलक मीच लिहिला. त्याचं नाव लिहिताना आयुष्यात पहिल्यांदा अक्षर बिघडलं.

२६ आबान, मंगळवार

आजचं व्याख्यान संपलं आणि मनीझे सगळ्यांसमोर उठली. मला दिलासा म्हणून. मला हसवायला म्हणून. खुर्चीकडे वळून म्हणाली, "बेहरंग, लबाडा, तुझी जागा रिकामी होती हं. पुढच्या मंगळवारी तरी ये, तुझंच व्याख्यान आहे."

मी धावले. तिच्या तोंडापर्यंत माझा हात पोचला नाही.

लोक हळवे होऊन हसत होते. कोणालाच ऐकू गेलं नाही. मला गेलं. "येतो. आमच्या जागी दोस्त."

पुढच्या मंगळवारी.

२८ आबान, गुरुवार

मनीझे खोकतेय. रुमालावर तपकिरी धूळ. म्हणते, केरमानची हवा, दुसरं काय. व्याख्यान रद्द कर म्हणून पाया पडले. ती ऐकत नाही — पण त्याला आमंत्रण गेलंय आता, रद्द करूनही काय —

३० आबान, शनिवार

मश-कोर्बाननी आज आमच्या टेबलावर एकच पेला ठेवला. मनीझे माझ्यासमोर बसली होती. ती म्हणाली, अहो, मी काय भूत आहे? ते दचकले. खानूम, दिसलाच नाहीत.

ती हसली. मग खोकला.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी आज खुर्चीसमोर उभी राहिले आणि 'खुदा त्याला' इथपर्यंत म्हटलं. पुढचं येत नाही. मनीझे मरतेय आणि मला पुढचं येत नाही.

२ आझर, सोमवार

त्याला बोलावणं गेलंय, तो येणार. त्याच्या जागी दोस्त जाणार. पण कोणता, हे कुठे ठरलंय?

बायको व्हायच्या आधी मी त्याची दोस्त होते. दोन वर्षं नुसतं चहा आणि भांडणं. खुर्चीला सांगितलं, बेहरंग, दोस्त हवा ना, तर ही मी आहे. मनीझेला सोड.

उत्तर नाही. गादी मात्र वर आली. खुर्ची रिकामी झाली.

उद्या तिथे मी बसेन.

३ आझर, मंगळवार

'राखीव'ची पाटी काढून बसलेय. वही मांडीवर. सभागृह भरलंय. मनीझे माझ्याकडे बघून हसली, तिला वाटतं मी बरी होतेय —

ती व्यासपीठावर. पहिलं वाक्य. खोकतेय. धरलंय टेबल. नाही, अजून नाही, बेहरंग, इकडे, मी इकडे —

दार उघडलं. तपकिरी कोट.

तिचा खोकला थांबला. तिने टिपणं त्याच्या हातात दिली, सहज, जणू तो कधी गेलाच नव्हता. येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. गालांवर रंग आलाय. वाचली. मनीझे वाचली.

बोलतोय. चष्मा मनगटाने वर ढकलतोय. किती छान बोलतो. दोन वर्षं मी याच्याचसाठी —

माझ्या तोंडात खरखर. थंडी.

मश-कोर्बान चहा घेऊन आले. मनीझेला दिला. माझ्यासमोर थांबले. खुर्चीकडे बघून हलकेच म्हणाले, खुदा तिला क्षमा करो. आणि 'राखीव'ची पाटी माझ्या मांडीवर — मांडीतून आरपार — खुर्चीवर —

बरं. असंच हवं होतं. असंच ठरलं होतं.

टाळ्या. लोक उठले. मनीझे नाही उठली, इथेच, शेजारी, डोळे पुसतेय. तो येतोय. माझ्यासमोर उभा. कोटाच्या ठिगळावर हात. बेहरंग, तू तरी म्हण — मश-कोर्बान म्हणाले ते म्हण — मला नाही जमलं, तू म्हण आणि जाऊ दे मला —

ओठ हलतायत. नको. ते नको.

"फरंगीस, तुझी जागा रिकामी होती."

उत्तर द्यायचं नाही. दात आवळून — मनीझे शेजारीच आहे — उत्तर नाही द्यायचं — जीभ आपोआप — लहानपणापासूनचं — धूळ — मनीझे ऊठ, ऊठ ना गं — आमच्या जा