धबधब्याच्या वाटेवरची खांड

वरसे, रोहा
बुधवार

तीर्थस्वरूप दिनानाथदादा यांस,

दमयंतीचा साष्टांग नमस्कार. आपण खुशाल असाल असं लिहायची रीत आहे, पण गणपतीच्या कारखान्यात रंगकाम सुरू झालं की तुमचा खोकला सुरू होतो हे मला माहीत आहे, तेव्हा खुशाल नसणार असं धरूनच लिहिते. आलं-मधाचं चाटण घ्या आणि दर तासाला कारखान्यात जाऊन मूर्तींच्या डोळ्यांत खोट काढणं बंद करा. डोळ्यांची आखणी मनालीला तुमच्यापेक्षा चांगली जमते. (सुनेचं कौतुक सासऱ्यापर्यंत पोहोचायला आत्येसासूच लागते.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि आपलं बोलणं अर्धं पेण ऐकतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे सुजयने, माझा इथला फ्लॅट विकून मला पुण्याला न्यायचं ठरवलं आहे. कारण काय, तर आईचं वजन वाढलं, आईला दोन जिने चढवत नाहीत, आई एकटी पडली तर उचलणार कोण. मी काय कपाट आहे? बत्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसच्या एकाच खुर्चीवर बसून अख्ख्या रोह्याचं बोलणं मी जोडून दिलं, त्या खुर्चीने मला हा आकार दिला, आणि त्याच नोकरीतून घेतलेल्या या फ्लॅटच्या दारावर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावाची पाटी लागली. पुण्याला साईराजच्या खोलीत त्याच्या क्रिकेटच्या बॅटींशेजारी मला पलंग मिळणार आहे आणि "आजी, तू नुसतं बसून राहायचं" असं आश्वासनही मिळालं आहे. फोनवर आमची जुंपली तेव्हा सुजय म्हणाला, "तू धबधब्यापर्यंत पायी जाऊन पायी परत ये, मग मी हा विषय पुन्हा काढणार नाही." त्याला वाटलं, झालं, आता आई गप्प बसेल. माझ्याच पोटचा मुलगा, पण त्याने मला ओळखलं नाही.

धबधब्याचं निघालं ते अष्टमी गावातल्या निकेशमुळे. हा मुलगा पावसाळ्यात लोकांना डोंगरात नेतो. यंदा त्याने मोबाईलवर जाहिरात टाकली होती की प्लस-साइज मंडळींसाठी, नवशिक्यांसाठी, अगदी सोपी सहल, सपाट वाट, कुणी कुणाला हसणार नाही. आमच्या कॉन्व्हेंटात जाड मुलीला सरळ जाड म्हणायचे आणि नाटकात झाडाचं काम द्यायचे. त्यापेक्षा हे सभ्य वाटलं म्हणून नाव दिलं. (फॉर्मवर वजनाची चौकट होती. मी त्यात "पुरेसं" असं लिहिलं.) धबधबा कुठल्या गावात आहे ते लिहीत नाही. निडीच्या अलीकडे की पलीकडे तेही लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे भज्यांची गाडी लागेल.

आम्ही सात जण होतो आणि आठवा निकेश, ज्याला वाऱ्यापासून जपावं लागेल असा. टेम्पोत चढायला त्याने प्लॅस्टिकचं स्टूल आणलं होतं, तेवढ्यावरून मी त्याला शंभरातले चाळीस गुण दिले. बरोबर कंपनीतून रात्रपाळी करून थेट आलेला विशाल होता, जो दोन पावलांमध्ये झोपत होता, आणि ठमाबाई होती. ही आपल्या पेणच्या खाडीकडची, मिठागरात जन्म गेलेली, आता लेकीकडे अष्टमीला असते. मी बूट घातले होते, ती अनवाणी होती. मी मनात म्हटलं, हिचं काही खरं नाही. दादा, माणसाबद्दल मनात सुद्धा घाईने बोलू नये.

निकेशची सपाट वाट म्हणजे शेताचे बांध निघाले. लावणी उरकलेली, दोन्ही बाजूंनी खाचरं पाण्याने भरलेली, आणि मध्ये एका माणसाच्या पावलाएवढा बांध. आता अशा बांधावरून एकेकानं जायचं, मध्ये थांबायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण निकेशने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की वजनदार मंडळींना दर दहा मिनिटांनी विश्रांती द्यावी. तो घड्याळ लावून चालत होता. दहा मिनिटं झाली, घड्याळ वाजलं आणि त्याने आम्हा सातही जणांना बांधाच्या ऐन मध्यावर थांबवलं, वर एकमेकांजवळ या, पाणी प्या, असंही सांगितलं. आम्ही आज्ञाधारकपणे जवळ आलो. बांध काही क्षण विचारात पडला आणि मग गेला. चांगली तीन हात खांड पडली (पुणेकरांसाठी सांगते, बांध फुटून पाणी सुटतं त्या भगदाडाला खांड म्हणतात), आणि वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात असं धावलं की जणू त्याला गाडी पकडायची होती. निकेशचा मोबाईल त्या पाण्याबरोबर गेला.

शेताचा मालक गुणाजी इरलं घेऊन धावत आला. त्याने कालच युरिया मारला होता, तो सगळा आता खाली चालला होता, आणि खालचं शेत त्याच्या भावाचं होतं, ज्याच्याशी तो चार वर्षं बोलत नाही. भाऊ पलीकडे उभा राहून हसत होता. गुणाजी कपाळाला हात लावून म्हणाला, "बाय, बांध जायायेयाला असतो, सभा भरवायला नाय." निकेश रडायच्या बेताला आला. सहल रद्द, सगळ्यांनी मागे फिरा, असं तो म्हणायला लागला. मागे फिरणं म्हणजे पुणं. मी त्याला म्हटलं की मोडलेलं तसंच टाकून मी कधी कुठून गेलेले नाही, आणि धबधबा बघितल्याशिवायही जाणार नाही.

तोवर ठमाबाईने लुगड्याचा काचा मारला होता. "आमचे खाडीला खांड परली का अख्खा गाव चिखलान उतरतो," ती म्हणाली, "बगत काय रवलाव? या सगली." निकेशही उतरायला लागला तर त्याला तिने वरच ठेवलं. तू हलका, तू पेंढा आण, इथं जड मानसाचं काम हाय. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला माझ्या वजनासाठी निवडलं. विशालने दगड टाकले, बाकीच्यांनी चिखलाच्या ढेपा आणल्या, पण पाण्याचा जोर त्या टिकू देईना. ठमाबाईने आम्हा सर्वांवरून एकदा नजर फिरवली, जशी बाजारात भोपळ्यांवरून फिरवतात, आणि मला म्हणाली, "दमयंतीबाय, तुमी बसा." मी बसले. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला पाठ ताठ ठेवून बसायला शिकवायच्या, तशीच बसले. दादा, पाणी थांबलं. माझ्या मागे त्या सगळ्यांनी ढेपा रचल्या, पेंढा घातला आणि सातही जणांनी तो बांध असा तुडवला की गुणाजी शेवटी त्यावर स्वतः नाचून बघत होता. पलीकडच्या भावाचं हसू गेलं. गुणाजीने विचारलं, आजून जायाचा हाय धबधब्यावं? मी म्हटलं, जायचं आहे. मग त्याने आम्हाला त्याच्या गोठ्यामागून दगडी वाटेने नेलं, एकेकाला. जाताना आपल्या वरच्या बांधाचीही तब्येत जरा नाजूक आहे, असं त्याने सुचवून ठेवलं.

धबधबा तीन पुरुष उंच असेल. फोटोत यावा असा मोठा नाही. मी त्याच्याखाली चिखलासकट उभी राहिले आणि पाणी पाठीवर पडलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने, आणि त्यानंतर घरात कुणीही, माझी पाठ इतकी मनापासून थोपटली नव्हती. मग मी पायी परत आले. येणेप्रमाणे अट पूर्ण झाली.

वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद असावा, पण सल्ला नसला तरी चालेल.

तुमची धाकटी बहीण,
दमयंती

ता. क. सुजय शनिवारी गिऱ्हाइकाला घेऊन इकडे यायच्या आधी पेणला तुमच्याकडे थांबणार आहे. मामा म्हणतील तसं करू, असं तो म्हणतो. शिमग्याला "दमूला एकटी ठेवू नका" असं त्याला तुम्हीच सांगितलंत हे मला कळलं आहे. मी रागावलेली नाही. (आहे.) तेव्हा त्याला हे पत्र वाचून दाखवा, पण माझ्या सहीपर्यंतच, आणि मग म्हणा, राहू दे तिला. निकेशचा मोबाईल गेला आणि धबधब्यापाशी विशाल झोपला, त्यामुळे धबधब्याखालचा फोटो नाही. जो आहे तो विशालने काढलेला, खांडीत बसल्याचा. तो मनालीकडे पोहोचलाच असेल. तो बघून सुजय म्हणेल, आई पडली. पडलेली बाई इतकी ताठ दिसत नाही, एवढं त्याला पटवा.

ता. क. दुसरं. बसले मी आपली आपण, पण उठवायला चौघं लागले. परतीच्या वाटेवर मी अकरा वेळा थांबले आणि दोन वेळा निकेशला शाप दिले.

ता. क. तिसरं. त्या संध्याकाळी घरचे दोन जिने चढायला मला पाऊण तास लागला. पहिल्या मजल्यावर पायरीवर बसले होते, तेव्हा तिथली दिपिका बाहेर आली आणि तिने हात पुढे केला. मी तो घेतला नाही. म्हटलं, मी हवा खात बसले आहे. रात्रभर ते मला टोचत राहिलं. सोमवारी सकाळी भिंतीला धरून खाली उतरले, तिचं दार वाजवलं आणि सांगितलं की काल मला हात हवा होता. आता ती रोज ऑफिसला जाताना वर येऊन माझं दार वाजवते, मी आतून ओ देते, मगच ती जाते. घराची दुसरी किल्ली तिच्याकडे दिली आहे. दादा, एवढं मात्र सुजयला वाचून दाखवा.