जाळीखालची विभूती

प्रिय अक्का,

उद्या सकाळी फॅक्टरीचे सरकारी इन्स्पेक्टर साहेब मिलमध्ये तुझ्या साच्यापाशी, त्या सुताच्या यंत्रापाशी, येणार आहेत. त्यांच्यासमोर मला बोलायचंय. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय माझी जीभ उचलणार नाही, म्हणून तुझ्या गंगूची पाटी बाजूला सारून हा कागद घेतला. तूच हट्टानं मला चौथीपर्यंत शिकवलंस ना? मग आता वाच माझं अक्षर!

आधी माझा गुन्हा सांगते. साच्याच्या चाकात सापडून तू गेलीस, आणि माती द्यायच्या आधी आपल्या रीतीप्रमाणं तुला चाळीच्या ओट्यावर बसवलं होतं, तेव्हा मी ऊर बडवून ओरडले, "किती वेळा सांगितलं गं, घाई करू नको म्हणून! आपल्याच हातानं मरण ओढवून घेतलंस की!" अगं, गेलेल्या माणसाला आपण असंच रागावतो ना? जन्म देणारी अव्वा गेली तेव्हा तूसुद्धा तिला किती बोललीस, औषध फेकून दिलंस म्हणून! रडताना कोण शब्द तोलून बोलतं?

पण तुमच्या खात्याचा मुकादम, तो दत्तोबा जाबर, तिथंच उभा होता. डोळे पुसत होता मेला! आणि आठ दिवसांनी कळलं, त्यानं मिलमध्ये लिहून दिलंय: चाकावर जाळी गेल्या वर्षापासून आहे, बाईने ती चालू साच्यावर स्वतः काढली, आणि बाई घाईची होती असे तिची सख्खी बहीणच म्हणते.

युनियनच्या मास्तरांनी मला सगळं फोड करून सांगितलं. चाकावर जाळी बसवणं मालकाचं काम. कामावर माणूस गेलं तर त्याच्या लेकराला भरपाई द्यायची, असा आता कायदा आहे. पण माणसानं जाळी मुद्दाम काढली असं ठरलं, तर गंगूला काही नाही आणि दोष तुझा. मास्तर बोलतात गोड. ते तरी आमच्यासाठी फुकट का हिंडतायत, कुणास ठाऊक! हल्ली मला सगळ्यांचाच संशय येतो, अक्का. शेजारीण ताक घेऊन आली तरी वाटतं, ही काय काढून घ्यायला आली?

खरं सांगू? सगळ्यात आधी संशय घेतला तो तुझ्यावरच. भाकरी तव्यावर असताना चपला शोधणारी तू! पदर कधी धड खोचलास? म्हटलं, सूत अडकलं असेल आणि काढली असेल हिनं जाळी फटदिशी. घरी तू मिलमधलं काही बोलायचीच नाहीस. का नाही बोललीस गं? चाक उघडं आहे, एवढं तरी सांगायचंस!

मग एक दिवस दत्तोबा घरी आला. "नीलव्वा, तुज्या भनीची जागा तुलाच देतो की. लेकरू हाय पदरात. ह्या कागदावर निस्ता अंगठा दे."

"मला सही येते, जाबर. वाचते आणि करते."

त्यानं कागद घडी करून खिशात घातला. "ऱ्हाऊ दे, घाई न्हाय."

जागा मात्र दिली. माझं तोंड बंद राहावं म्हणून दिली, एवढं न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? तरी घेतली. मला तो साचा बघायचा होता.

त्यानं मला खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं. "भनीचा साचा नको, जीव घाबरा हुईल तुजा." काय ती माया! दुपारच्या सुट्टीत मी एकेक साचा बघत गेले. यंदाच्या खंडेनवमीला, तू होतीस तेव्हा, बायांनी लावलेलं हळदकुंकू सगळ्या साच्यांवर होतं, वर, समोर, दिसेल असं. एकाच साच्यावर तीन बोटांची विभूती होती. खाली, चाकाशेजारच्या लोखंडावर.

आठवतं? नवरा गेल्यापासून तू कुंकवाला हात लावत नव्हतीस. यंदा खंडेनवमीच्या सकाळी पहिल्यांदाच घरनं तेलात विभूती कालवून नेलीस. आणि लावलीस कुठं, तर त्या चाकापाशी! म्हणजे भीती वाटत होती तुला त्याची. देवाला सांगितलंस आणि मला नाही सांगितलंस, अक्का!

अय्यव्वा, त्या तीन पट्ट्यांवरच जाळीचा पाय बसवलाय! पट्ट्यांची टोकं पायाच्या दोन्ही बाजूंना डोकावतायत, मधोमध भोक पाडून बोल्ट मारलाय, तो अजून चकाकतोय. जाळी गेल्या वर्षीची, तर यंदाची विभूती तिच्या पायाखाली गेली कशी?

शेजारच्या साच्यावरची बाई हळूच म्हणाली, "व्हय गं, तुजी भन गेली त्येच्या दुसऱ्या दिवशी बसवली ती. पर माजं नाव घिऊ नको, बाई. मला लेकरं हायत."

तू काढली नाहीस. काढायला होतीच कुठं! मी तिथंच फतकल मारून रडले, आणि तुझी माफी मागितली.

आज काम सुटताना दत्तोबा सोड्याची बादली घेऊन आला. साहेब येणार, साचे लख्ख करा. तुझ्या साच्याकडे तो स्वतःच निघाला होता. मी फडकं ओढून घेतलं. "माझ्या बहिणीचा साचा मीच पुसते. तेवढं तरी करू द्या." सगळा साचा पुसला, आणि विभूतीवर काळं तेल फासलं. तो वाकून बघून गेला.

समजा, त्याला कळलंच, तरी त्यानं काय करायचं? पायाखालची विभूती पुसायची तर त्याला आधी जाळी काढावी लागेल.

म्हणून उद्या मी दुसऱ्या कुणाचं नाव घेणार नाही. साहेबांना सांगेन, ओट्यावर मी रडले, ती साक्ष नव्हती. मग पदरानं तेल पुसेन आणि तुझी आण घेऊन म्हणेन, "साहेब, ही जाळी माझ्या बहिणीनं कधी काढली नाही. आता तुम्ही काढा."

तुझीच,
नीलव्वा