ब्रोचमधले केस, कपाटातलं गंगावन

१० नोव्हेंबर, सोम.
चरित्राचं प्रकरण चौथं परत पहिल्या पानापासून. माझी इंग्रज कवयित्री हॅरिएट (यापुढे ह., पूर्ण नाव लिहून बोटं दुखतात) धाकटी बहीण गेल्यावर दोन वर्षं फक्त शोककविता लिहीत होती. जवळजवळ प्रत्येक कवितेत तोच ब्रोच. सोन्याच्या चौकटीत काचेखाली बहिणीच्या केसांची बारीक वेणी. मी लिहिलंय : ‘बहिणीचे केस ती रोज गळ्याशी बाळगत होती.’ वाक्य चांगलं झालंय. जरा जास्तच चांगलं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात हे घरोघरी चालायचं, असं वर्गात सांगितलं. पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळली, “मॅडम, ए लोको मरेलाना वाळ पहेरता’ता? छी!” मेलेल्यांचे केस अंगावर घालायचे म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. मीही हसले.

घरी येऊन कपाट उघडलं. आईचं गंगावन आहे जागेवर. तिच्या निळ्या साडीच्या घडीत. ती जाऊन तीन महिने होत आले.

१२ नोव्हें., बुध.
आज वहिनी आली नवागामहून, मागची खोली बघायला. पूजा, दादाची मुलगी, सातव्या महिन्यात आहे. बाळंतपणापर्यंत माझ्याकडे राहणार. इथून पर्वत पाटियाचं हॉस्पिटल चालत जाण्याइतकं, आणि नवागामच्या गल्लीत यंत्रमागांचा, लूमचा खडखडाट चोवीस तास. ठरून महिना झाला. मी खोलीतली पुस्तकं हलवली, मच्छरदाणी आणली, पडदे बदलले. एवढं मी स्वतःसाठी कधी केलं नाही.

वहिनी पूजाच्या चादरी कपाटात ठेवायला गेली. तिथून आवाज :
“हाई काय व?”
“आईचं गंगावन.”
“तेरावाले सगळं दी टाकं, हाई कोठेन उनं?”
“मी ठेवून घेतलं.”
“मरेल माणूसना केस घरमा कोन ठेवस व? आन् दोन जीवनी पोरले तू आठेच झोपाडशी?”

मी काहीतरी बोलले. आठवण, वस्तू वगैरे. ह.च्या ब्रोचचंही सांगितलं, तिथेच चुकलं.
“तुन्ही ती गोरी बाई बी येडीच व्हती मंग.”

चहा न घेता निघाली. दारात चपला घालताना : “हाई घरमा शे तोपावत मन्ही पोर आठे येवाव नही.”
म्हणजे एकतर गंगावन, नाहीतर पूजा. चादरी परत घेऊन गेली.

१३ नोव्हें., गुरु.
दादाला फोन. तो कारखान्यातच होता, मागे मशीन. ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे साधं बोलणंही भांडण वाटतं.
“शैला, तापी दोन पावलांवर आहे. दे सोडून.”
“दादा, आईचं एवढंच आहे माझ्याकडे.”
“आणि पूजा? ती कोणाची आहे?”

थोड्या वेळानं पूजाचा व्हॉइस मेसेज. एरवी आत्या, चिडवायचं असलं की गुजरातीत फोई. “फोई, मम्मी का मत सुन. बॅग भरून ठेवलीय मी. पण तू पण जरा ऐक ना गं.”
ऐक म्हणजे कोणाचं, ते नाही सांगितलं.

१५ नोव्हें., शनि.
काम शून्य. खिडकीपाशी जाते, येते. मागच्या खोलीत जाऊन पंखा लावून बघते, बंद करते.

आई विंचरायला बसली की फणीतला गुंता बोटाला गुंडाळायची, फुंकर घालून दाराआडच्या पिशवीत टाकायची. पिशवी भरली की गंगावन करणारी बाई यायची. कतारगामच्या त्या खोलीत आम्ही भावंडं त्या पिशवीला घाबरायचो. आई म्हणायची, “माझेच आहेत, तुम्हाला काय खातात?”

वेणी घातल्यावर कळायचं नाही तिचे कुठे संपले आणि गंगावन कुठे सुरू झालं. मला अजून...

१६ नोव्हें., रवि.
आज वाचलेलं. केसांचे दागिने करून देणारे सोनार गिऱ्हाइकाचे केस बदलतात अशी तेव्हा बोलवा होती. आणून दिलेली बट आखूड निघाली, रंग नीट बसेना, की दुसऱ्या कोणाचे तरी लावून मोकळे. म्हणून कितीतरी बायका हे काम घरीच शिकल्या. मधे भोक असलेलं गोल टेबल, टोकांना शिशाची वजनं लावलेल्या बटा, आणि तासन्‌तास विणणं. ह. शिकली होती का? कुठे उल्लेख नाही. तिनं सोनाराकडेच दिले असणार.

मग संग्रहालयाच्या यादीतला ब्रोचचा फोटो मोठा करून पाहिला. खाली नोंद : मानवी केस, कोणाचे ते अज्ञात. रंग गडद तपकिरी. कवितांतली बहीण सोनेरी केसांची. इतक्या वर्षांत केस काळवंडतात का? की...

माझं सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे. पुण्याच्या संपादकबाईंना कळवलं. त्यांचं उत्तर लगेच : “ठेवा हो ते वाक्य. वाचक तिथे रडणार आहे.”
वाचक रडेल. पण कोणाच्या केसांसाठी?

१९ नोव्हें., बुध.
काल तापीवर गेले होते. पिशवीत गंगावन. पुलावर उभी राहिले, बाजूला एक कुटुंब निर्माल्य टाकत होतं, प्लास्टिकसकट. त्यांच्यातल्या बाईनं मला जागा करून दिली. “नाखी दो, बेन.”
मी टाकलं नाही, नुसतीच उभी. ती चुकचुकली आणि गेली. मीही आले.

पूजाला चक्कर आल्याचं दादाकडून कळलं. गल्लीत रिक्षा आत येत नाही, तिला कोपऱ्यापर्यंत चालवत नेलं. दादा एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. त्याचंच जास्त लागलं.

कवितांचं भाषांतर करताना वाटायचं, ह.ला समजून घेतलंय मी. ब्रोच गळ्याशी ठेवायला तिला कोणी अडवलं नाही. तिला निवडायचं नव्हतं.

२१ नोव्हें., शुक्र.
वहिनी न सांगता आली. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. बसली, पाणी प्यायली, पंखा कमी करायला लावला. मग भिंतीकडे बघत म्हणाली, “ते केस त्यास्ना नहीतच.”

मला आधी कळलंच नाही.

कतारगामच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा जुनं गंगावन चिखलात सडलं, म्हणाली. मी तेव्हा शिकायला बडोद्याला. आई तापानं पडून होती. वहिनीनं ते गुपचूप टाकून दिलं, बाजारातून तसंच काळंभोर आणलं, आठ दिवस खोबरेल चोळलं. आईला सांगितलं, धुऊन वाळवून ठेवलंय.
“आणि आईला कळलं नाही?”
“त्यास्ले कयनंच नही.”
“इतकी वर्षं बोलली नाहीस. आज सांगतेस?”
“आज तू इचारं ना.”
“मी कुठे विचारलं?”
तेव्हा हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. “इकतना केस शेतस, शैला. कोनी मरेल नही. ठेव तुले ठेवनं तं. पोरले मी बुधवारले धाडस.”

आणि डबा माझ्या मांडीवर ठेवून गेली.

२२ नोव्हें., शनि.
खरं असेल. वहिनीनं आईसाठी असलं खूप काही केलं, कधी बोलून दाखवलं नाही.

खोटं असेल. पूजाला इथे पाठवायचंय, शब्द तर मागे घेता येत नाही, म्हणून वाट काढली. माझ्यासाठीही काढली. मला गंगावनही मिळतं, पूजाही मिळते. फक्त ते आईचं आहे, एवढं म्हणायचं नाही.

उजेडात धरून बघितलं. काळेच केस. दोन-तीन लालसर. आईचे लालसर होते का? मुलीला आईच्या केसांचा रंग आठवू नये?

प्र. ४ मधलं वाक्य खोडलं. दुपारी परत लिहिलं. पेन्सिलीनं.

२६ नोव्हें., बुध.
पूजा आली. घर एकदम भरलं. चार्जर, गोळ्या, उशा, नवऱ्याचे दर तासाला फोन. पाय सुजलेत. तेल लावून दिलं तर म्हणते, “फोई, तू तर एकदम दायण!” म्हणजे सुईण. मध्यरात्रीपर्यंत झोपली नाही, बोलत होती. बाळ लाथ मारतं तिथे माझा हात ठेवला. मी काही लिहिणार नाही त्याबद्दल.

वहिनीनं तिलाही तेच सांगून पाठवलंय, गंगावन बाजारातलं. पूजाला ते ऐकून मजा वाटली. “बिचारी आजी, उल्लू बनली.”
मी हो म्हटलं.

२९ नोव्हें., शनि. दुपार
उद्या डोहाळजेवण. थोडक्यातच, इथेच, दहा-बारा बायका. पूजानं लग्नानंतर केस खांद्यापर्यंत कापले आणि आता फुलांची वाडी भरायला लांब वेणी हवी.
“आत्या, ते गंगावन आहे ना? विकतचंच आहे. मी लावते.”
मी म्हटलं, फुलवाल्याकडे तयार मिळेल. तिनं ऐकलं नाही, स्पीकरवर आईला फोन लावला. “मम्मी, आजीचं गंगावन लावू उद्या?”

पलीकडे फक्त लूम ऐकू येत होते. मला वाटलं, आता कळेल. नाही म्हणाली तर माझ्या आईचे. हो म्हणाली तर... पूजा म्हणाली, “मम्मी? हॅलो?”

मग वहिनी, अगदी नेहमीच्या आवाजात : “शिकेकाईमा धुई घे आधी. चांगलं चोळीसन.”
ठेवला फोन.

यातून काय समजायचं? विकतची, इतकी वर्षं वापरलेली वस्तू कोणीही धुऊनच घेईल. आणि मेलेल्या माणसाचं काही पोरीच्या अंगाला लागणार असेल तरी धुऊनच.

निळ्या साडीतून काढलं. नाकाला लावलं. खोबरेल, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी, जे मी आई म्हणून साडेतीन महिने हुंगते आहे. धुतलं की जाईल. नको म्हटलं तर पूजा विचारेल का, आणि मला सांगावं लागेल की मी तुझ्या आईवर विश्वास ठेवला नाही. मग बॅग परत भरायची.

उन्हं चारपर्यंत असतात गॅलरीत. आत्ता धुतलं तरच उद्यापर्यंत वाळेल.

पूजानं शिकेकाई उकळून बादलीत ओतलीय. पाट मांडून बसलीय, वाकता येत नाही तरी. हात पुढे करून म्हणते, “दे ना, आत्या. पाणी गार होतंय.”