वरच्या घराचं अंगण

बेरवास,
पानगळीच्या महिन्यातली आठ तारीख

प्रिय हेरोताई,

तुला आणि शाहो भाऊजींना सलाम. बाळाच्या दोन्ही गालांचे मुके.

इथे सगळं ठीक आहे. अक्रोड झोडून झाले. सालींनी माझे हात अजून काळे आहेत. आई म्हणते, "घरातली पहिली पदवी, आणि हात बघा कोळसेवालीचे!" डाळिंबाचा रस आटवून ठेवलाय, तुझ्या वाटचा वेगळा. सकाळी दरीत धुकं भरतं तेव्हा खालची घरं बुडतात, नुसती माळवदं तरंगत राहतात. वाटतं, एकेका छतावर पाय ठेवत तुझ्या शहरापर्यंत चालत यावं.

मी शाळेवर रुजू झाले का, असं तू विचारलं होतंस. अजून नाही. सांगते.

वरचे हमासूर काका आणि काकू, म्हणजे तुझे सासू-सासरे, आपल्या माळवदावर अजून लोकरी मोजे घालूनच चालतात. आपलं छत म्हणजेच त्यांचं अंगण, जाणार कुठे! तू शाहो भाऊजींबरोबर पळून गेलीस तेव्हापासून आवाज नको, भांडण नको. बाबा चिडतात, "चोरासारखे चालतात लेकाचे!"

हल्ली बाबांना ते चालणं फार ऐकू येतं. ते दिवसभर छताकडे बघत पडून असतात. ताई, ते अक्रोडावरून पडले. कमरेखाली काही हलत नाही, म्हणून शाळा राहिली. डॉक्टर मला बाहेर नेऊन बोलले. पुढचा वसंत धरू नका, म्हणाले.

परवाच्या पावसात त्यांच्या अंथरुणावर छत गळू लागलं. माती दाबायचा दगडी रूळ मला एकटीला ढकलेना. इतक्यात छतातल्या धुराड्याच्या भोकातून काकांनी बाबांना हाक मारली, "सालेह, फिरवू का रे?" तू गेल्यापासून प्रत्येक पावसात ते असंच विचारतात आणि बाबा भिंतीकडे तोंड करतात. या वेळी म्हणाले, "विचारतोस काय, म्हाताऱ्या! पूर्वेचा कोपरा नीट दाब. आणि ते मोजे काढ आधी!"

रूळ घरघरत राहिला. बाबांनी डोळे मिटले. हा हमासूर, ही त्याची बायको, ही शेळी, असं एकेक पाऊल ओळखत पुटपुटत होते. मग झोपेत बोलावं तसं म्हणाले, "हेरो टाचेवर जोर देते. ती चालली की माती बसते."

"बोलावू तिला?"

"माझ्या उंबऱ्यातून ती येणार नाही. चारचौघांत बोललोय मी."

मुलींच्या हक्कांवर कॉलेजात मी केवढी भाषणं केली होती. तिथे मी नुसती गळतीखालचं भांडं सरकवत राहिले. मग तेच म्हणाले, "वरचं अंगण काही माझं नाही."

आज त्यांनी अंथरूण धुराड्याखाली ओढायला लावलं. आई म्हणाली, "भिजाल." म्हणाले, "भिजू दे. वरून कुणी वाकलं की इथून तोंड दिसतं."

खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत निघ. दारात थांबू नकोस, वरच्या वाटेने ये. आणि ताई, मोजे घालू नकोस. टाचा आपटत चाल.

छताकडे कान लावून बसलेली,
तुझी शिलेर